जगलेल्या रॅटचं पोटही उघडून बघा

प्राण्यांवर जंतुसंसर्गाच्या औषधाची चाचणी घेताना ‘किती जनावरं जगली तेवढं मोजा, तोच औषधाचा निकाल’ असं म्हणतात, ते मला पटत नाही. १९७५ चा वाइनस्टाइन, ऑन्डरडाँक वगैरे संशोधकांचा प्रयोग बघा. रॅटच्या पोटात आतड्यातली घाण भरलेली जिलेटिनची कॅप्सूल ठेवली होती. औषधाविना ३७ टक्के मेले आणि जे वाचले त्या सगळ्यांच्या पोटात गळू झाले. नुसत्या जेंटामायसिन या अँटिबायोटिकवर मृत्यू ४ टक्क्यांवर आले, पण वाचलेल्यांपैकी ९८ टक्क्यांना गळू होतेच. क्लिंडामायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकवर नेमकं उलट: ३५ टक्के मेले, गळू मात्र ५ टक्क्यांनाच. आतड्यातल्या जंतूंपैकी आधी जीव घेतो तो ई. कोलाय, त्याला जेंटामायसिन आवरतं; मागाहून गळू करतात ते बॅक्टेरॉइडिस, त्यांना क्लिंडामायसिन. मृत्यूच मोजले असते तर क्लिंडामायसिन बाद झालं असतं! दोन्ही औषधं मिळून दिली तेव्हा कुठे दोन्ही आकडे खाली आले.

आणखी एक, हे कुणी लिहिलेलं दिसलं नाही. आम्ही माइसना (छोट्या उंदरांना) मेट्रोनिडाझोल हे जंतुनाशक औषध पिण्याच्या पाण्यातून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटल्या जवळजवळ भरलेल्याच, अंगावरचे केस पिंजारलेले, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहायची. औषध कडू, म्हणून ती पाणीच पीत नव्हती. बिचारी तहानेने सुकत होती आणि आम्ही ‘औषध लागू पडत नाही’ असं वहीत लिहायला निघालो होतो. आता गॅव्हाजच्या सुईने, म्हणजे तोंडातून घालायच्या बोथट नळीने, थेट पोटात देतो आणि रोज वजन घेतो.