एम.टेक.चा थीसिस: मराठी एनईआर घेतेय, सुरुवात कशी करू?

कृष्णाकाठची
एम.टेक. कॉम्प्युटर, तिसरं सेमिस्टर. पुढच्या महिन्यात सिनॉप्सिस द्यायचाय. मराठी बातम्यांमधली माणसांची, गावांची, संस्थांची नावं ओळखणं (एनईआर) हा विषय मनात पक्का आहे. गाईड सर म्हणतात, काहीतरी नवीन मॉडेल दाखवा. माझ्याकडे साधा लॅपटॉप आहे, मॉडेल शिकवायला लागणारी वेगवान चिप, जीपीयू, नाही. पेपर वाचायचे तरी किती आणि कोडला हात कधी घालायचा? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

शब्दखूण
विषय अजिबात सोडू नका, मराठीत यावर काम व्हायलाच हवं. मी मराठी मजकुरावरच थीसिस केला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मॉडेलचं नंतर बघू. आधी असा प्रश्न लिहून काढा ज्याचं उत्तर आकड्यात येईल. 'पुणे' आपल्या वाक्यात नुसतं फार कमी येतं. पुण्याला, पुण्याहून, पुण्यातल्या असंच येतं. प्रत्यय चिकटतो आणि मूळ शब्दही बदलतो. सामान्यरूपातल्या नावांवर मॉडेल किती चुकतं आणि मूळ रूपातल्यांवर किती, हे वेगवेगळं मोजलंत तरी थीसिसला कणा मिळेल. आणि 'पुणेकरांनी' हे गावात धरायचं का, याचा नियम आधीच लिहून ठेवा.

डेटा गोळा करण्यात सेमिस्टर घालवू नका. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाचा महाएनईआर 2022 पासून खुला आहे: हाताने टॅग केलेली 25,000 वाक्यं, आठ प्रकारची नावं. त्यातली दोनेकशे वाक्यं मात्र ट्रेनिंगआधी स्वतः शांतपणे वाचा.

मग टोकनायझर, म्हणजे मजकुराचे तुकडे पाडणारा भाग, तपासा. मल्टिलिंग्वल बर्ट या अनेक भाषांच्या तयार मॉडेलचं अनकेस्ड (लहान-मोठी अक्षरं एक करणारं) रूप घेऊ नका. ते अॅक्सेंट काढायला जातं आणि आपले उकार, मात्रा, अनुस्वार पुसून टाकतं. 'मुंबई'ची 'मबई' होते. केस्ड घ्या, नाहीतर म्यूरिल, हे भारतीय भाषांसाठीचं बर्ट. तुमच्याच भागातलं 'कऱ्हाड' घ्या. ते दोन प्रकारे टाइप होतं: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारी खूण). वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. बर्टच्या सफाईत तो झेडडब्ल्यूजे उडतो आणि 'कर्हाड' उरतं. सगळा मजकूर आधी एकाच पद्धतीत आणा, आणि ते कसं केलंत यावर थीसिसमध्ये एक पूर्ण विभाग लिहा. परीक्षक विचारतातच.

घाटमाथा
वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. जीपीयूची काळजी नको. ही मॉडेलं एवढ्या डेटावर फाइन-ट्यून करायला, म्हणजे आपल्या कामासाठी पुढे शिकवायला, कोलॅब किंवा कॅगल या ऑनलाइन सेवांचा फुकटचा जीपीयू पुरतो. कोलॅब मध्येच तुटतं, म्हणून चेकपॉइंट (तोवर शिकलेलं मॉडेल) ड्राइव्हवर जात राहू द्या. त्याआधी लॅपटॉपवर सीआरएफ ही जुनी, हलकी पद्धत चालवा, तो तुमचा बेसलाइन, म्हणजे तुलनेचा पाया. एफवन, म्हणजे चुकीची पकडलेली आणि सुटलेली नावं दोन्ही धरणारा गुण, पूर्ण नावावर मोजा. बहुतेक शब्दांचा टॅग 'ओ' (नाव नाही) असतो, त्यामुळे नुसती अॅक्युरसी फुगलेली दिसते. आणि तेच ट्रेनिंग सीड (सुरुवातीचा यादृच्छिक आकडा) बदलून पुन्हा चालवा, सरासरीसोबत फरकही द्या.

कृष्णाकाठची
खूप आभार! कऱ्हाडचं वाचून लगेच माझ्या फाइलमध्ये शोधलं, दोन्ही प्रकार सापडले. पण सरांना 'नवीन मॉडेल' हवंय, त्यांना काय सांगू?

शब्दखूण
सीआरएफ आणि म्यूरिल दोन्ही चालवा आणि चुकांचा तक्ता घेऊन जा: मूळ रूप, सामान्यरूप, ऱ असलेली नावं, प्रत्येकाचा एफवन वेगळा. सामान्यरूपाच्या रांगेत आकडा घसरलेला दिसला, की नवीन भाग कुठे जोडायचा हे सरच सुचवतील. पेपरांचं म्हणाल तर आधी महाएनईआरचा आणि म्यूरिलचा, एवढे दोन नीट वाचा. बाकीचे तक्ता हातात आल्यावर.

घाटमाथा
आणि रिपोर्ट लॅटेक या टाइपसेटिंग पद्धतीत करणार असाल तर पहिल्या दिवसापासून त्याचं युनिकोड चालणारं रूप, झीलॅटेक, वापरा. मराठी उदाहरणं शेवटच्या आठवड्यात बसवायला गेलात तर जोडाक्षरं तुटतात.