वादळाच्या इशाऱ्यावरचा तुमचा विश्वास कधी उडाला, कधी बसला? (अनुभव धागा)

ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘शक्ती’ चक्रीवादळ अरबी समुद्रात होतं, तेव्हा माझ्या फोनवर एकाच दिवसात एकच चित्रफीत सात वेळा आली. काळं आभाळ, इमारतीएवढी लाट आणि खाली लाल अक्षरांत ‘किनाऱ्यावरच्यांनी ताबडतोब घरं सोडा’. वादळ पश्चिमेकडे खोल समुद्रात गेलं आणि तिथेच विरलं. दुसऱ्या दिवशी त्याच गटांवर वेधशाळेची टवाळी सुरू झाली, आणि संध्याकाळपर्यंत विषय ‘सरकार कुणाचं, चूक कुणाची’ इथवर पोचला. शेजारचे काका, ज्यांची हयात मासेमारीत गेली, ते ओटीवर बसून हे सगळं नातवाकडून ऐकत होते. मला म्हणाले, “आता खरंच आलं तरी मी उठायचा नाही.”

हे ऐकून मला राहवलं नाही, म्हणून हा धागा काढतोय. आपल्या किनाऱ्यावर इशारा मिळाला तेव्हा तुम्ही काय केलंत? कुणाचं ऐकलंत, कुणाचं नाही? जे घडलं ते तसंच लिहा. इशारा खोटा ठरल्याचे अनुभवही हवेत. कृपया पक्षांची नावं आणू नका, त्यांना इतरत्र भरपूर जागा आहे.

सुरुवात माझ्यापासून. मी श्रीवर्धन तालुक्यातला. २ जून २०२० रोजी ‘निसर्ग’बद्दलच्या हवामान खात्याच्या पत्रकात लिहिलं होतं की वादळ हरिहरेश्वर आणि दमण यांच्या दरम्यान, अलिबागजवळ, ३ जूनच्या दुपारी किनारा ओलांडेल. वाहिन्यांवर मात्र दिवसभर मुंबई होती. वरळी, गेटवे, मरीन ड्राइव्ह, परत वरळी. ते बघून आमच्या घरात ठरलं की वादळ मुंबईचं आहे. हरिहरेश्वर आमच्यापासून अठरा-वीस किलोमीटरवर! म्हणजे पत्रकात सगळ्यात आधी नाव आलं होतं ते आमच्याच किनाऱ्याचं, आणि आम्ही ते वाचलंच नव्हतं.

३ तारखेला दुपारी ते श्रीवर्धनजवळच आलं. वारा ताशी शंभर ते एकशे दहा किलोमीटर, झोत एकशे वीसपर्यंत. आकडा वाचून काही कळत नाही, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. सुपारीची झाडं मुळासकट उपटली नाहीत, तर मध्यावर पिळवटून मोडली, ओला कपडा पिळावा तशी. भिंतींवर पानांचा चोथा बसला होता, तो आठवडाभर खरवडत होतो. जी आंब्याची झाडं उभी राहिली, त्यांची पानं खाऱ्या वाऱ्याने दोन दिवसांत भाजल्यासारखी तांबडी पडली.

टॉवर पडला होता. आठवड्याने टेकाडावर जाऊन रेंज मिळाली, तेव्हा साठलेले निरोप धडाधड आले. त्यात ३ तारखेच्या संध्याकाळचे: ‘वादळ फुसकं निघालं’, ‘उगाच घाबरवलं’, ‘मुंबईला देवीने राखलं’. अमक्या नेत्याने भीती पसरवली की तमक्या नेत्याने झोप काढली यावर दीडशे निरोप. आडव्या माडाच्या खोडावर बसून मी ते वाचले. अंदाज बरोबर होता, आमच्या अंगणात येऊन बरोबर ठरला होता, आणि आमच्याच नातेवाइकांच्या लेखी तो खोटा होता. तेव्हा जे वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

दर्यावर्दी

रत्नागिरीकडचा. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ आलं, ११ तारखेला. आमच्या मामाची बोट त्याआधीच बाहेर गेली होती. तिला सांगावा पोचला नाही. मामा परत आला नाही, दोन खलाशीही नाहीत. तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. बंदरावर बायका रात्रभर बसल्या होत्या, कुणी बोलत नव्हतं, आणि लांबून कुठलाही दिवा दिसला की सगळ्या उभ्या राहायच्या.

त्यामुळे ‘इशाऱ्यांवर विश्वास नाही’ असं मी कधी म्हणणार नाही. पण दुसरी बाजूही ऐका. बोट बाहेर पडते तेव्हा तिच्यात डिझेल, बर्फ, शिधा भरलेला असतो, खलाशांना उचल दिलेली असते. इशारा आला की माघारी फिरायचं, आणि जाळं न टाकता फिरलं तर तो सगळा खर्च अंगावर. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘क्यार’ आणि लगोलग ‘महा’, दोन्ही आपल्या किनाऱ्याला न धडकता गेली. पण समुद्र खवळलेला होता, बोटी नांगरून पडल्या, ऐन हंगाम गेला. दोन-तीनदा असं झालं की तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, म्हणतो, “चला, काही होत नाही.” अडाणीपणा म्हणून तो असं म्हणत नाही, घरचा हिशेब त्याला तसं म्हणायला लावतो. इशारा पाळल्यामुळे बुडालेल्या फेरीचं थोडं जरी कुणी भरून दिलं तरी बंदरावर वादच राहणार नाही.

मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’च्या वेळी हंगामाचे शेवटचे दोन आठवडे उरले होते, १ जूनपासून बंदी. त्या दोन आठवड्यांत वर्षाचं कर्ज फेडायचं असतं. तरी आम्ही १४ तारखेपर्यंत सगळ्या बोटी खाडीत आणल्या. फोनवर काही बघितलं नाही. बंदरावर बावटा (धोक्याचा इशारा) कितीचा लागला आणि वायरलेसवर काय सांगतात, एवढंच. त्याच वादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ ही कामगारांना राहायची बार्ज (तरंगता तराफा) बुडाली, तिच्यावर २६१ माणसं होती. ती बातमी ऐकून आमच्या घरात त्या दिवशी चूल पेटली नाही. त्यातलं कुणीच आमच्या ओळखीचं नव्हतं.

रात्रपाळी

मी एका वृत्तवाहिनीत पडद्याच्या तळाशी धावणाऱ्या पट्ट्या लिहायचो. आता ती नोकरी सोडली आहे.

आमच्याकडे पत्रक यायचं त्यात ‘शक्यता’, ‘दरम्यान’, ‘जवळपास’ असे शब्द असायचे. पट्टीत जागा कमी, म्हणून आधी तेच शब्द उडायचे. ‘हरिहरेश्वर ते दमण दरम्यान, अलिबागजवळ किनारा ओलांडण्याची शक्यता’ याचं ‘मुंबईवर महासंकट’ व्हायला वीस सेकंद पुरायची. ते मी स्वतः केलं आहे. वर नकाशात वादळाच्या मार्गाभोवती जो फुगत जाणारा पंखा असतो, तो काढून आम्ही मधली एकच रेघ ठेवायचो, कारण रेघ ठसठशीत दिसते. त्या पंख्याचा अर्थ असा की वादळाचा मध्य या पट्ट्यात कुठेही जाऊ शकतो, आणि जितके पुढचे दिवस तितका पट्टा रुंद. रेघ ठेवली की रेघेवरचा माणूस घाबरतो आणि रेघेबाहेरचा निर्धास्त होतो. मूळ धाग्यात श्रीवर्धनचं वाचलं आणि हात थांबले. तुमचं घर आम्ही पुसलेल्या भागात होतं.

माफी मागून काही भरून येत नाही हे कळतं. तरी मागतो.

मास्तरीण

जून २०२३ मध्ये ‘बिपरजॉय’च्या वेळी मी शाळेच्या पालक गटावर एक चित्रफीत टाकली, ‘मुंबईच्या समुद्रातली आत्ताची स्थिती’ म्हणून. अर्ध्या तासात एका पालकाने दाखवलं की तिच्यात रस्त्यावरच्या गाड्या उजव्या बाजूने चालल्या आहेत. आपल्या देशातलीच नव्हती ती. वादळ १५ जूनला कच्छमध्ये जखाऊ बंदराजवळ किनाऱ्याला लागलं. गटावर मी चूक मान्य केली, पण नंतर जेव्हा मी अतिवृष्टीची खरी सूचना टाकली तेव्हा दोन पालकांनी विचारलं, “बाई, ही तरी खरी का?” प्रश्न रास्त होता. आता सूचना टाकताना पत्रकाची तारीख आणि वेळ वर लिहिते. जुनं पत्रक नवं म्हणून फिरणं हा खोट्या चित्रफितीपेक्षा जास्त वेळा होणारा प्रकार आहे, हेही तेव्हापासून लक्षात आलं.

वसईचा वाचक

मी उलट बाजूचा आहे आणि मनापासून लिहितोय. लाल इशारा म्हणून शाळा बंद, कचेऱ्यांना सुट्टी, आणि दिवसभर ऊन. हे माझ्या घरी चार वेळा झालं. हातावर पोट असलेल्या माणसाचा एक दिवस गेला की तो परत येत नाही. पुढच्या वेळी त्याने दुर्लक्ष केलं तर त्याला शहाणपण शिकवायला सगळे पुढे. मी वेधशाळेला खोटं म्हणत नाही. पण चुकल्यावर ‘का चुकलं’ हे त्याच आवाजात, तितक्याच ठळकपणे कुणी सांगत नाही. ती जागा मग फोनवरचे पंडित भरतात: एकाला त्यात विरोधकांचा डाव दिसतो, दुसऱ्याला सत्तेतल्यांचा.

तालुक्याचा नियंत्रण कक्ष

वसईच्या वाचकांना उत्तर. मी बरीच वर्षं आपत्तीच्या दिवसांत फोन उचलण्याचं काम केलं. तुमची तक्रार खरी आहे. त्यातला निम्मा भाग असा की इशारा जिल्ह्याला असतो आणि पाऊस गावात पडतो. पालघर जिल्हा किनाऱ्यापासून जव्हार-मोखाड्याच्या डोंगरापर्यंत पसरलेला. जव्हारला धो-धो कोसळत असताना वसईत ऊन असू शकतं, आणि आमच्या दप्तरी तो इशारा खरा ठरलेला असतो.

दुसरा भाग वादळाच्या स्वभावाचा. जून २०१९ मध्ये ‘वायू’ गुजरातच्या किनाऱ्याकडे सरळ निघालं होतं. लाखो लोकांना हलवलं, आणि शेवटच्या टप्प्यात ते किनाऱ्यालगत वळून निघून गेलं. हलवलेले लोक चिडले. न हलवता ते आत आलं असतं तर? हा हिशेब रात्री दोनला करायचा असतो, तोही हातात अर्धी माहिती असताना. मला एकदाही आधी खात्री वाटली नाही.

आणि एक विनंती. समुद्रात काही तयार व्हायच्या आधीच नाव फिरायला लागलं तर ते निरोप पुढे पाठवू नका. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरवर गेला, चक्रीवादळ झालं, की मगच यादीतलं नाव देतात. ती यादी १३ देशांची मिळून आहे. मे २०२५ मध्ये ‘शक्ती’ येणार म्हणून गहजब झाला, तेव्हा त्या नावाचं वादळ अस्तित्वातच नव्हतं. खरं ऑक्टोबरात आलं, आणि तोवर नाव ऐकून लोक कंटाळले होते.

देवगडकर

‘तौक्ते’ने आमच्याकडचा हापूस झाडावरून जमिनीवर आणला. शेवटचा तोडा बाकी होता. वीज गेली ती दिवसच्या दिवस आलीच नाही. भाऊ पुण्यात. त्याचा फोन लागला तेव्हा पहिलं वाक्य, “बघितलंस का?” मला वाटलं बागेबद्दल विचारतोय. तो विचारत होता राजकारणाबद्दल. १९ मे रोजी पंतप्रधानांनी गुजरातची हवाई पाहणी केली, एक हजार कोटी जाहीर केले, महाराष्ट्रात का आले नाहीत यावर एक बाजू पेटली. मुख्यमंत्री कोकणात आले ते काही तासच आले, यावर दुसरी बाजू पेटली. दोन्ही प्रश्न विचारण्याजोगे आहेत, मीही विचारले असते. पण आठ दिवस सगळं त्यातच गेलं. पंचनामा कसा करून घ्यायचा, पडलेल्या कलमाचा फोटो झाड तोडायच्या आधी काढायचा की नंतर, मदत हेक्टरी आहे तर दहा गुंठेवाल्याच्या हातात काय पडणार, हे एकालाही लिहावंसं वाटलं नाही. शेवटी गावच्या कृषी सहायकाने मोटारसायकलवरून वाडीवाडीत फिरून सांगितलं.

भावाशी मी महिनाभर बोललो नाही. मग तोच आला, सुट्टी काढून, आणि दोघांनी मिळून फांद्या उचलल्या.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रपाळी, तुमचं लिहिणं मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं.

सुरुवातीला ज्यांच्याबद्दल लिहिलं, त्या शेजारच्या काकांना आज हे सगळे अनुभव वाचून दाखवले. दर्यावर्दींच्या मामांचं आलं तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, माझं लिही. ते सांगत गेले तसं लिहितो.

“२०२० ला पण मी उठणार नव्हतो. टीव्हीवर मुंबई चालली होती. सकाळी गल्लीतला पोरगा आला, तोंडाला मास्क, करोनाचे दिवस. म्हणाला, काका, टेम्पो उभा आहे, शाळेत चला. मी नाही म्हटलं. तो गेला नाही, पायरीवर बसला. म्हणाला, तुम्ही नाही तर मी पण इथेच. त्याची आई शाळेत वाट बघत होती. मग मी औषधाची पिशवी घेतली नि गेलो. शाळेत खडूने गोल आखलेले, एकेका गोलात एकेक घर. चार वाजता वारा पडला. घरी आलो तर आढं खाटेवर आडवं पडलेलं, उशीच्या बाजूला. कौलं खाटेखाली पण गेलेली. पोरगा मागून आला, त्याने बघितलं, काही बोलला नाही. दोघांनी मिळून ते उचलायला गेलो तर उचलेना, चार माणसं लागली.”