हातातला गेम कन्सोल: स्वस्त मॉडेल पहिल्याच दिवशी का नाही?

हिशेबी:
टीव्हीला जोडायचा कन्सोल घरात एक असला की भागतं. हातातला तसा नाही. दोन मुलं असली की दोन लागतात, नाहीतर रोज भांडणं. त्यामुळे किंमत ठरवताना कंपनीने तिला दोनने गुणून बघावं, असं माझं ठाम मत आहे.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने मार्च २०११ मध्ये थ्रीडीएस हा हातातला कन्सोल अमेरिकेत २४९.९९ डॉलरला आणला आणि ऑगस्टमध्येच १६९.९९ वर उतरवला. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. मग २०१३ मध्ये त्याचंच स्वस्त मॉडेल टूडीएस आलं, १२९.९९ ला. थ्रीडी पडदा नाही, बिजागरी नाही, घडी न होणारी सरळ पाटी. पण गेम तेच. लहान मुलांच्या हातात द्यायला हेच बरं. मग ज्याच्याकडे पैसे कमी, त्यानेच अडीच वर्षं का थांबायचं?

जुना खेळाडू:
साफ असहमत. थ्रीडीएस नुसता किमतीमुळे अडला नव्हता. सुरुवातीला त्यावर खेळण्यासारखं होतं काय? सुपर मारिओ थ्रीडी लँड नोव्हेंबरला आला, मारिओ कार्ट ७ डिसेंबरला, तेव्हा गाडी रुळावर आली. आणि कपातीचा भुर्दंड बघा. यंत्र तोट्यात विकावं लागलं, आधी घेतलेल्यांना २० जुने गेम फुकट देऊन समजूत काढावी लागली. मार्च २०१२ ला संपलेल्या वर्षात कंपनीला सुमारे ४३ अब्ज येनचा निव्वळ तोटा झाला (येन वधारल्याचाही त्यात वाटा होता). हौशी गिऱ्हाईक पहिल्या दिवशी जास्त मोजतं, त्यातूनच पुढचं स्वस्त मॉडेल निघतं.

हिशेबी:
गेम नव्हते, मान्य. पण सोनीच्या व्हिटा या हातातल्या कन्सोलचं काय? यंत्र २४९ डॉलरचं आणि वर गेम साठवायचं ३२ जीबीचं मेमरी कार्ड ९९.९९ चं. तेही सोनीचंच हवं, दुसरं चालतच नाही! याउलट निन्टेन्डोचाच १९८९ चा गेमबॉय: ८९.९९ डॉलर, हिरवट पडदा, चार पेन्सिल सेल. त्याचा स्पर्धक, सेगा कंपनीचा रंगीत पडद्याचा गेम गिअर १४९.९९ ला, आणि सहा सेल काही तासांत संपवायचा. सेलचे पैसे आईबाप महिन्याला मोजतात, तेही किमतीतच धरा. लोकांनी गेमबॉयच घेतला, ते सगळ्यांना माहीत आहे.

दोघांची आई:
तुमच्या गुणाकारालाच माझा आक्षेप आहे. २०१९ ला निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलचं छोटं मॉडेल, स्विच लाइट, १९९.९९ ला आलं, तेव्हा मोठा स्विच २९९.९९ ला होता. दोन लाइट म्हणजे ४०० डॉलर. मोठ्याच्या दोन जॉयकॉन (दोन्ही बाजूंची बटणांची कंट्रोलर) सुट्या होतात, दोघं एकाच पडद्यावर खेळतात, टीव्हीलाही जोडता येतो. अंगठ्याने हलवायची स्टिक बिघडली तर जॉयकॉन तेवढी बदलायची; लाइट अख्खा दुरुस्तीला टाकावा लागतो. हात आखडता घेणाऱ्यांनी मोठाच घ्यावा.

योकोहामाकर:
काहीही न कापता स्वस्त देता येतं. जून २०२५ मध्ये स्विच २ आला तेव्हा इथे जपानात त्याचे दोन दर होते. फक्त जपानी भाषेचा ४९,९८० येन, बहुभाषी ६९,९८०. स्वस्तवाल्याला अकाउंटही जपानचंच लागतं, म्हणजे घाऊक उचलून बाहेर नेणाऱ्यांना त्यात रस राहत नाही. आमची मुलं इथल्याच शाळेत जातात, त्यांना तो पुरला. पण नुकतंच बदलून आलेलं एक मराठी कुटुंब आहे, त्यांना त्याच यंत्रासाठी २०,००० येन जादा मोजावे लागले.

हिशेबी:
म्हणजे मनात आणलं तर पहिल्याच दिवशी खिसा बघून दर लावता येतो. मी दुसरं काय म्हणतोय?

जुना खेळाडू:
खिसा कुठे बघितला? भाषा बघितली. अमेरिकेत तोच स्विच २ ४४९.९९ ला होता, तिथल्या गरीब घराला काही सूट नव्हती. भारतात तर निन्टेन्डोची अधिकृत विक्रीच नाही, आयात करणारा सांगेल तो भाव. पुण्यातल्या दोन मुलांच्या घराला या जपानी दराचा काय उपयोग, ते सांगा.