केप व्हर्दे वर्ल्ड कपला पोचलं कसं?

रात्रपाळी (धागाकर्ता)

२०२६ च्या वर्ल्ड कपचे गट जाहीर झाले. गट ‘एच’मध्ये स्पेन, उरुग्वे, सौदी अरेबिया आणि केप व्हर्दे. पहिल्या तिघांबद्दल काही विचारायचं नाही, चौथ्यासाठी मात्र नकाशा उघडावा लागला. सेनेगलच्या पश्चिमेला, अटलांटिकमध्ये दहा बेटं. त्यातल्या नऊंवर वस्ती, एकूण लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आसपास. १९७५ मध्ये पोर्तुगालपासून स्वतंत्र झाले, १९८६ मध्ये फिफात आले, आणि २००० साली क्रमवारीत १८२ वे होते. तेच आता कॅमेरूनला मागे टाकून थेट वर्ल्ड कपला!

मधल्या काळात नक्की काय घडलं? ४८ संघ केल्यामुळे लागलेली लॉटरी म्हणायची, की संघात खरंच दम आहे? जाणकारांनी लिहावं. नुसत्या लिंका डकवू नयेत ही विनंती.

पेनल्टीबॉक्स

लॉटरीच. आफ्रिकेला आधी पाच जागा होत्या, आता नऊ थेट. एवढी खैरात झाल्यावर कोणी ना कोणी नवखा आत येणारच. आणि हे कोणी सांगत नाही की हाच संघ २०२५ च्या आफ्रिका कपला पात्रसुद्धा ठरला नाही. त्यांच्या गटातून इजिप्त आणि बोत्स्वाना गेले. बोत्स्वाना! यावरून काय ते समजा.

टचलाइन

‘लॉटरी’ वाचून राहवलं नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी तक्ता बघा. दहा सामन्यांत केप व्हर्देचे २३ गुण, कॅमेरूनचे १९. जून २०२४ मध्ये याउंडेत कॅमेरूनकडून ४-१ असा सडकून मार खाल्ला होता, तरी शेवटी पहिले हेच. सप्टेंबर २०२५ मध्ये केप व्हर्देच्या राजधानीत, प्रायाला तोच कॅमेरून आला, तेव्हा डायलन लिव्रामेंतोच्या एकमेव गोलवर सामना काढला. जागा नऊ झाल्या हे खरं, पण प्रत्येक जागा गटविजेत्याची. ज्या गटात कॅमेरून आहे तो गट जिंकणं याला खैरात म्हणत असाल तर बोलणंच खुंटलं.

माझं यांच्याकडे लक्ष गेलं ते २०१३ च्या आफ्रिका कपमध्ये. ती त्यांची पहिलीच स्पर्धा, आणि तिथेही आले ते कॅमेरूनलाच बाहेर काढून (घरी २-०, याउंडेत १-२). प्रशिक्षक लुसियो अंतुनेस हे पेशाने एअर ट्रॅफिक कंट्रोलर. यजमान दक्षिण आफ्रिकेशी ०-०, मोरोक्कोशी १-१. अंगोलाविरुद्ध आपल्याच जाळ्यात चेंडू घालून पिछाडीवर पडले. ८१ व्या मिनिटाला फर्नांडो वारेलाने बरोबरी साधली, आणि अगदी शेवटी हेल्डनने दुसरा ठोकला. उपांत्यपूर्व फेरीत घानाने २-० ने घरी पाठवलं, तो भाग वेगळा.

आता या वारेलाचं पुढचं ऐका, कारण खरी गोष्ट इथे आहे. २०१४ च्या वर्ल्ड कपची पात्रता फेरी चालू होती. मार्च २०१३ मध्ये इक्वेटोरियल गिनीविरुद्ध वारेलाला लाल कार्ड मिळालं आणि चार सामन्यांची बंदी आली. तो सामना केप व्हर्दे ४-३ ने हरलं होतं, पण इक्वेटोरियल गिनीने अपात्र खेळाडू उतरवला म्हणून फिफाने निकाल फिरवून यांना ३-० विजय दिला. सप्टेंबरमध्ये शेवटचा सामना ट्युनिशियात. जिंकलं तरच पुढे. जिंकले, तेही २-०! आफ्रिकेतल्या शेवटच्या दहांत पोचले. पण संघात वारेला होता आणि त्याची बंदी अजून संपली नव्हती. काही दिवसांत फिफाचा निर्णय आला : ट्युनिशिया ३-० ने विजयी. ज्या नियमाने मिळवलं, त्याच नियमाने घालवलं. ट्युनिशियाने पुढे जाऊन कॅमेरूनकडून मार खाल्ला, म्हणजे त्यांच्याही काही कामी आलं नाही.

तेव्हा पेनल्टीबॉक्स, ३२ संघांच्या आणि आफ्रिकेला पाचच जागा असण्याच्या जमान्यातही हे दोन सामन्यांच्या अंतरावर आले होते. मैदानात नाही, टेबलावर हरले. फेब्रुवारी २०१४ मध्ये क्रमवारीत २७ वे होते, तेही उगाच नाही.

रात्रपाळी

वारेलाचं माहीतच नव्हतं. जबरदस्त! पण सव्वापाच लाखांत एवढे खेळाडू येतात कुठून? तिथली लीग वगैरे?

टचलाइन

लीगवर फार जाऊ नका. प्रत्येक बेटाची आपापली स्पर्धा होते आणि तिथले विजेते मग राष्ट्रीय स्पर्धेत भिडतात. बोटी-विमानांचा खर्चच एवढा, की बारमाही व्यावसायिक लीग कुठून परवडणार?

खेळाडू येतात ते बाहेरून. दुष्काळ आणि रोजगारासाठी पिढ्यान्‌पिढ्या लोक देश सोडत आले आहेत. बेटांवर जेवढे राहतात त्याहून जास्त बाहेर आहेत. रॉटरडॅम हे तर जवळपास अकरावं बेट. लिव्रामेंतो तिथलाच, दुआर्ते बंधूही तिथलेच. विली सेमेदो आणि लोगान कोस्ता फ्रान्समध्ये जन्मलेले.

सगळ्यात मजेशीर किस्सा बचावपटू पिको लोपेसचा. जन्म डब्लिनचा, आई आयरिश, वडील केप व्हर्दीयन. पूर्वी बँकेत गृहकर्जाचं काम करायचा. तेव्हाचे प्रशिक्षक रुई आगुआस यांनी त्याला लिंक्डइनवर पोर्तुगीजमध्ये निरोप पाठवला. याला पोर्तुगीज येत नाही, हा समजला काहीतरी जाहिरात असेल, आणि पडू दिला. बऱ्याच महिन्यांनी पुन्हा विचारणा आली, या वेळी इंग्रजीत, तेव्हा जुना निरोप भाषांतर करून वाचला आणि उडालाच. २०१९ मध्ये पदार्पण केलं. राष्ट्रीय संघाची भरती लिंक्डइनवर, आहे की नाही?

पण नुसती आयात म्हणाल तर तेही अर्धवट. गोलकीपर वोझिन्या तिथल्याच मिंदेलो शहरातला, २०१३ च्या संघातही होता, २०२५ मध्ये पात्र ठरले तेव्हा ३९ वर्षांचा होता. प्रशिक्षक बुबिस्ता बोआ व्हिस्ता बेटावरचे, स्वतः देशासाठी खेळलेले.

सागरगोटा

टचलाइन, सुरेख माहिती. थोडी भर घालतो. २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये डर्बनला स्वित्झर्लंडने स्पेनला १-० हरवलं होतं आठवतंय? तो गोल जेल्सन फर्नांडेसचा, आणि त्याचा जन्म प्रायाचा! स्वीडनच्या हेन्रिक लार्सनचे वडीलही केप व्हर्देचेच. इतकी वर्षं यांचं पीक दुसऱ्यांच्या खळ्यात जात होतं.

पेनल्टीबॉक्स

वारेला प्रकरण मान्य. तरी आफ्रिका कपचं काय? आणि लिबियाशी ३-३?

टचलाइन

आफ्रिका कपची पात्रता फेरी वाईटच गेली, त्यावर पांघरूण घालत नाही. पण त्याच्या आधीच्या, म्हणजे २०२४ च्या सुरुवातीला झालेल्या स्पर्धेत घानाला हरवून, इजिप्तशी बरोबरी करून गटात पहिले आले होते आणि उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण आफ्रिकेशी पेनल्टीवर हरले, हेही जोडीला लिहा की.

लिबियाचं म्हणाल तर त्रिपोलीत १-३ ने मागे होते, तिथून ३-३ केलं आणि शेवटी एक गोल ऑफसाइड म्हणून गेला. नाहीतर त्याच दिवशी पात्र ठरले असते. मग १३ ऑक्टोबरला प्रायात एस्वातिनी. मध्यंतरापर्यंत ०-०, छातीत धडधड. दुसऱ्या अर्धात लिव्रामेंतो, मग सेमेदो, आणि भरपाई वेळेत ३७ वर्षांचा स्टोपिरा. हाही २०१३ च्या चमूतला. ट्युनिशियाचा हिशेब कोणाच्या पायाने चुकता झाला बघा.

रात्रपाळी

मग पुढे काय? कोणता सामना चुकवू नये?

टचलाइन

स्पेनचा १५ जूनला अटलांटात, पण त्यात फार जीव अडकवू नका. उरुग्वे २१ ला मायामीत. माझ्या मते खरा सामना २६ चा, ह्यूस्टनला सौदीशी. बारा गटांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या संघांपैकी आठ पुढे जातात. तेव्हा पहिल्या दोन्हींत गोल कमी खाल्ले आणि तो एक काढला, तर बाद फेरीचं गणित जमू शकतं.