‘कामगारांची मागणी’ की ‘कामगारांना मागणी’?

प्रश्न : अर्थशास्त्राच्या एका पाठाचं भाषांतर करते आहे. जागतिकीकरण, मजुरीचे दर आणि नवी यंत्रं यांमुळे मालकाला लागणाऱ्या माणसांची संख्या कशी बदलते, असा विषय आहे. ‘कामगारांची मागणी घटली’ असं लिहिलं, तर मैत्रिणीने वाचून विचारलं, “म्हणजे युनियनने माघार घेतली का?” ‘श्रममागणी’ फार पुस्तकी वाटतो. काय वापरू?

उत्तर : ताई, घोटाळा त्या ‘ची’चा आहे. मागणारे कामगार की ज्यांना मागणी आहे ते कामगार, हे षष्ठीतून कळत नाही. त्यात संप, मोर्चे आणि निवेदनं यांमुळे ‘कामगारांच्या मागण्या’ कानात पक्क्या बसलेल्या, म्हणून पहिला अर्थच आधी येतो. बाजाराच्या भाषेत मात्र ही अडचण नाही. तिथे ‘हापूसला मागणी आहे’ म्हणतात. तसंच ‘वेल्डरला मागणी आहे’, ‘कामगारांना मागणी घटली’ असं लिहा. एका ‘ना’ने काम होतं.

पाठात पुढे ‘परोक्ष मागणी’ येईलच. माणूस हवा असतो तो त्याच्या हातून होणाऱ्या मालासाठी. याचं उदाहरण म्हणून नाशिकची द्राक्षं घ्या. परदेशी जाणाऱ्या घडात मणी सारख्या आकाराचे लागतात, म्हणून कात्री घेऊन एकेका घडाची विरळणी करावी लागते. पेठ, सुरगाण्याकडच्या टोळ्या दिंडोरी, निफाडच्या बागांमध्ये एकरी उक्तं काम घेतात. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वेलींची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून युरोपात आपली द्राक्षं अडली. त्याचा घोर बागायतदाराइतकाच या टोळ्यांनाही होता, कारण युरोपातली मागणी हलली की त्यांच्या कात्रीचं काम हलतं. जागतिकीकरणाने रोजगार जातोच असं सरसकट लिहू नका. इथे त्यानेच हातांना काम दिलं.

आक्षेप : माणसाला हापूससारखी ‘मागणी’ लावणं मला खटकतं.

उत्तर : खटकणं समजू शकतो. पण मराठीत माणसालाही मागणी येते. लग्न ठरवताना ‘मुलीला मागणी घातली’ म्हणतोच. मला याहून जास्त टोचतं ते ‘मजूर मिळत नाहीत’ हे वाक्य. हापूस परवडला नाही तर आपण ‘या भावात मिळत नाही’ म्हणतो. मजुराच्या बाबतीत मात्र भाव वाक्यातून गळतो आणि उरते ती ‘मजूरटंचाई’, जणू पाऊसच पडला नाही. ‘या मजुरीत मजूर मिळत नाहीत’ असं लिहिलं, की मजुरी आणि मागणी यांचा संबंध न समजावता दिसतो.

उसाच्या फडात तर मोजमापाचा शब्दच वेगळा. तिथे माणसं मोजत नाहीत, ‘कोयता’ मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर. बाई दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, पण हिशेबात ती त्या एका कोयत्यात जाते. म्हणून ‘किती कोयते लागतील’ याचं भाषांतर ‘किती कामगार’ असं करू नका, आकडा चुकेल.

आता त्याच फडात हार्वेस्टर आलं. 2023 मध्ये राज्याने त्याच्या खरेदीला 40 टक्के किंवा 35 लाख रुपये, यांतलं जे कमी ते अनुदान ठेवलं. जानेवारी 2024 मध्ये मजुरांच्या तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. दर वाढला की यंत्र घेणं परवडू लागतं, हे खरंच. पण यंत्राला रुंद सरी आणि सलग रान हवं. तुकड्याच्या, ओल्या रानात आजही कोयताच लागतो. तेव्हा ‘यंत्राने मजुरांची जागा घेतली’ हे वाक्य फडात अर्धंच खरं आहे.

पुरवणी : गिरण्यांचंही एक उदाहरण हवं. 1928 च्या मुंबईतल्या संपात ‘साचा’ हा शब्द कळीचा होता. साचा म्हणजे माग. एका विणकराने दोनऐवजी तीन साचे चालवावेत, असं मालकांना हवं होतं. माग तेवढेच, विणकर मात्र कमी.

उत्तर : नेमकं उदाहरण! ताईंच्या प्रश्नातले दोन्ही अर्थ इथे एकाच वाक्यात येतात : कामगारांना मागणी घटू नये, ही कामगारांची मागणी होती. ताई, हेच वाक्य पाठात घाला. मग पुढे कुठेही ‘ना’ आणि ‘ची’ची अदलाबदल होऊ देऊ नका.