काटेवाला मीटर भंगारात देऊ नका
काही जण म्हणतात की डिजिटल मल्टिमीटर (व्होल्टेज, रेझिस्टन्स मोजायचा मीटर) घेतल्यावर काटेवाला भंगारात द्यावा. मला हे पटत नाही. अचूक आकडा हवा तर डिजिटलच. त्याचा इनपुट रेझिस्टन्स साधारण 10 मेगाओहम, त्यामुळे तो सर्किटमधून अगदी कमी करंट ओढतो, भार जवळजवळ पडत नाही. माझा काटेवाला व्होल्टला 20 किलोओहमचा, म्हणजे 10 व्होल्टच्या रेंजवर फक्त 200 किलोओहम, म्हणून भार जास्त.

पण ॲम्प्लिफायरचा खरखरणारा व्हॉल्यूम कंट्रोल तपासायला मी मीटर ओहम रेंजवर (रेझिस्टन्स मोजायला) लावून काटाच बघतो. कंट्रोलचा शाफ्ट (दांडा) हळूहळू फिरवा. ट्रॅक (आतली रेझिस्टन्सची पट्टी) चांगला असला की काटा सलग सरकतो, झिजलेल्या जागी टुणकन उडतो. डिजिटलवर नुसते आकडे पळतात. परवा नागपुरात बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) नवा पॉट, म्हणजे हाच व्हॉल्यूम कंट्रोल, आणायला निघण्याआधी जुना असाच तपासला, दोष नेमका मधोमध सापडला. हो, ओहम रेंजवर बऱ्याच काटेवाल्यांत बॅटरीचं प्लस काळ्या प्रोबवर (मीटरच्या वायरच्या टोकावर) येतं. डायोड (एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग) बघताना ध्यानात ठेवा.