मदत हवी आहे: तिघांच्या टीमने सीआय-सीडी (कोड आपोआप तपासणं आणि लाईव्हवर नेणं) कुठून सुरू करावं? (लाराव्हेल, एकच व्हीपीएस)

नमस्कार मंडळी. नागपूरला प्रतापनगरात आमचं छोटं ऑफिस आहे, आम्ही तिघंच. कळमन्याच्या संत्रा अडत्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो. आवक, लिलावाचा भाव, हमाली-तोलाई आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात जाणारी पट्टी, म्हणजे हिशेबाची पावती. लाराव्हेल (पीएचपीचं फ्रेमवर्क), मायएसक्यूएल (डेटाबेस), उबुंटू लिनक्सचा एक व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर). कोड आणि त्याच्या बदलांची नोंद (गिट) गिटहबवर खाजगी रेपोत, म्हणजे कोडच्या कोठारात आहे, पण लाईव्हवर अजूनही फाइलझिलाने हातानेच फाइली चढवतो.

मार्चमध्ये, मृग बहाराच्या ऐन आवकेत, मी रात्री अकराला एक साधा बदल चढवला. पट्टीवर वाहन क्रमांक दिसावा, एवढाच. दुसऱ्या दिवशी एका अडत्याच्या मुनीमजींचा फोन आला: "ताई, पहाटेच्या सगळ्या पट्ट्यांवर कालची तारीख पडली." चौतीस पट्ट्या होत्या. रोकड जुळेना, शेतकरी पैशासाठी ताटकळत बसले. मुनीमजींनी त्या चौतीसच्या चौतीस पट्ट्या हाताने पुन्हा लिहिल्या. ते मला अजून बोचतं.

कारण दुपारी सापडलं. लाराव्हेलच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलीत) टाइमझोन मुळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असतो. कधीतरी आमच्यापैकी कुणीतरी थेट सर्व्हरवर जाऊन तो एशिया-कोलकाता (भारतीय वेळ) केला होता, पण गिटमध्ये टाकला नव्हता. माझ्या लॅपटॉपवरची जुनी फाइल त्यावर चढली. यूटीसी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणून पहाटे साडेपाचच्या आतली प्रत्येक पट्टी आदल्या दिवसाची झाली. आम्ही दहानंतर तपासतो, त्या वेळी दोन्हीकडे तारीख एकच असते.

आता आंबिया बहाराच्या आत हे सगळं नीट लावायचं आहे. ऑक्टोबरला आवक सुरू झाली की हात लावायची सोय राहत नाही. चार-पाच दिवस वाचते आहे, पण जेनकिन्स, गिटलॅब, डॉकर, कुबरनेटिस हे सगळं एकदम समोर येतं आणि पहिलं पाऊल कळत नाही. आमच्याकडे एकही ऑटोमेटेड टेस्ट (कोड आपोआप तपासणारा कोड) नाही. आधी सगळ्या टेस्ट लिहायच्या का? पुश केलं (कोड गिटहबवर पाठवला) की थेट लाईव्हवर जाणं आमच्यासारख्यांना झेपेल का? आणि चुकलं तर मागे कसं यायचं? डेटाबेसमध्ये खऱ्या माणसांचे पैसे आहेत, म्हणून भीती वाटते.

प्रतिसाद १

ताई, तुम्ही कारण शोधून इथे नीट मांडलं, त्यामुळे अर्धं काम झालंच आहे. मी मिहानकडे (नागपूरच्या विमानतळाजवळच्या औद्योगिक भागात) एका कंपनीत हेच काम करून राहिलो आहे, म्हणून अनुभवाचं सांगतो.

डॉकर, कुबरनेटिस (ॲप डब्यांत बांधून चालवायची साधनं) सध्या बाजूला ठेवा. जेनकिन्ससाठी वेगळा सर्व्हर सांभाळावा लागतो, तिघांत तो कोण सांभाळणार? कोड गिटहबवर आहे तर त्याचंच गिटहब ॲक्शन्स घ्या, ते ही कामं गिटहबच्याच मशीनवर आपोआप चालवतं. मोफत प्लॅनमध्ये खाजगी रेपोला महिन्याला २,००० मिनिटं मिळतात, तुम्हाला ती पुरतील. कामांची यादी देणारी एक यामल फाइल लिहायची. त्यात टॅब चालत नाही, स्पेसच द्या. माझा पहिला दिवस त्यातच गेला होता.

टेस्ट नाहीत म्हणून थांबू नका. पहिल्या आठवड्यात पाइपलाइनने (या आपोआप कामांच्या साखळीने) एवढंच करावं: कोऱ्या मशीनवर कोड घ्यायचा, कंपोजर इन्स्टॉल (लागणारी पॅकेजेस आणणं) करायचं, रिकामा मायएसक्यूएल उभा करून सगळी मायग्रेशन्स (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या फाइली) चालवायची. एवढ्यानेच पुष्कळ लपलेल्या गोष्टी बाहेर येतात. मग एकच टेस्ट लिहा, मार्चची. कार्बनमध्ये (लाराव्हेलची तारीख-वेळेची लायब्ररी) सेटटेस्टनाऊ आहे, त्याने घड्याळ पहाटे ४:४० ला थांबवा, पट्टी बनवा आणि तारीख आजचीच आहे का ते तपासा. यापुढे जी चूक लाईव्हवर सापडेल, तिची टेस्ट आधी आणि दुरुस्ती नंतर.

टाइमझोन रेपोतच एशिया-कोलकाता करा. यूटीसीत साठवावं असं सगळीकडे वाचाल, ते बरोबरही आहे, पण तुमचा जुना डेटा भारतीय वेळेत साठलेला आहे. मधेच बदललं तर जुन्या नोंदी साडेपाच तास सरकतील.

प्रतिसाद २

वरच्या भाऊंशी सहमत. मी डिप्लॉयबद्दल, म्हणजे कोड लाईव्हवर नेण्याबद्दल लिहिते.

पुश केलं की थेट लाईव्ह, हे आत्ता करू नका. तपासणी प्रत्येक पुशला आपोआप होऊ द्या, पण लाईव्हवर नेणं बटणावर ठेवा. ॲक्शन्समध्ये वर्कफ्लो डिस्पॅच नावाचा ट्रिगर त्यासाठीच आहे. कंटिन्युअस डिलिव्हरी आणि कंटिन्युअस डिप्लॉयमेंट यांत फरक एवढाच: पहिल्यात माल कायम तयार असतो पण पाठवायचं माणूस ठरवतो, दुसऱ्यात तोही निर्णय यंत्राचा. पैशाच्या हिशेबाला पहिलं बरं. आणि बटण दुपारी दाबा, रात्री अकराला नाही.

सर्व्हरवर प्रत्येक डिप्लॉयला नवं फोल्डर करा आणि 'करंट' नावाची सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी खूण) त्याकडे वळवा. बिघडलं तर लिंक मागच्या फोल्डरकडे फिरवायची, काही सेकंदांत जुना कोड परत. लिंक वळवल्यावर पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारी सेवा) रीलोड करा, नाहीतर ओपीकॅशमुळे (मेमरीत साठवलेल्या कोडमुळे) जुनाच कोड चालत राहू शकतो. क्यू वर्करही (मागे रांगेतली कामं उरकणारे प्रोग्राम) रीस्टार्ट करा, ते जुना कोड मेमरीत धरून बसतात.

डेटाबेस मात्र लिंकसोबत मागे येत नाही. म्हणून कॉलम बदलायचा असेल तर एका डिप्लॉयमध्ये नवा कॉलम जोडा, काही दिवस दोन्ही राहू द्या आणि जुना पुढच्या डिप्लॉयमध्ये काढा. असं केलं तर मागचा कोडही नव्या डेटाबेसवर चालतो. मायग्रेशनच्या आधी बॅकअप, आणि तो बॅकअप एकदा तरी दुसरीकडे उघडून पाहा. आम्ही तो पाहिला नव्हता. गरज पडली त्या दिवशी फाइल अर्धवट निघाली.

अजून एक. डेटाबेसचा पासवर्ड कधी गिटमध्ये गेला होता का? फाइल नंतर डिलीट केली तरी इतिहासात तो राहतो. आधी पासवर्ड बदला. डिप्लॉयची एसएसएच की (सर्व्हरवर शिरायची किल्ली) गिटहबच्या सीक्रेट्समध्ये (गुप्त गोष्टींच्या जागेत) ठेवा आणि सर्व्हरवर त्यासाठी वेगळा युजर करा, रूट (सगळे अधिकार असलेला युजर) नको.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री बसून पहिली पाइपलाइन लावली. पासवर्ड खरंच इतिहासात सापडला, तो आधी बदलला.

पहाटे ४:४० ची टेस्ट लिहिली. लॅपटॉपवर (विंडोज) हिरवी म्हणजे पास, गिटहबवर (लिनक्स) लाल म्हणजे नापास. तासभर टाइमझोनच शोधत राहिले, पण चूक वेगळीच होती. पट्टीच्या पीडीएफसाठी नवा क्लास (कोडचा स्वतंत्र तुकडा) लिहिला होता, त्याच्या फाइलच्या नावात एक अक्षर लहान लिपीतलं होतं आणि कोडमध्ये मोठं. विंडोजला फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. तो क्लास सोमवारी लाईव्हवर चढवणार होते, म्हणजे सोमवारी एकही पट्टी छापली गेली नसती. नाव दुरुस्त केलं आणि साडेतीन मिनिटांत सगळं हिरवं झालं. सकाळी मुनीमजींना फोन करून हे सांगितलं.

आता सिमलिंककडे वळते. अडत्यांनी अपलोड केलेले फोटो सध्या स्टोरेज फोल्डरमध्ये आहेत. प्रत्येक डिप्लॉयला फोल्डर नवं झालं तर ते मागेच राहतील ना? ते फोल्डर बाहेर काढून प्रत्येक रिलीजमधून त्याला लिंक द्यायची, हे बरोबर आहे का?